पेशंटला जे सांगतो ते आपण का करत नाही? (नर्सिंगवाल्यांसाठी, इतरांनीही यावं)

तिसरीपाळी

परवा मॉर्निंगला एका मधुमेही काकांना डिस्चार्ज देताना चांगली पंधरा मिनिटं बसून समजावलं. जेवणाच्या वेळा पाळा, उपाशी राहू नका, पाणी प्या, रोज चाला, पायाला जखम नाही ना ते बघत जा. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कधी जेवता?"

पावणेतीन वाजले होते. डबा लॉकरमध्ये तसाच. सकाळी भरून आणलेली लिटरची बाटली काउंटरखाली गळ्यापर्यंत भरलेली. मी हसून विषय बदलला.

न हसण्यासारखी गोष्ट अशी की मागच्या महिन्यात स्टाफची तपासणी झाली, त्यात माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. मधुमेह नाही, पण उंबरठा. ५.७ ते ६.४ म्हणजे काय, हे मी पेशंटना पाठ म्हणून दाखवते.

चौदा वर्षं या कामात आहे, त्यामुळे माहिती कमी पडते असं कृपया कुणी म्हणू नका. माझा अंदाज असा आहे की आपल्या सवयी दोन गोष्टींवर ठरतात: ड्युटी लिस्ट कोण लावतं, आणि मी वीस मिनिटं उठले तर माझे पेशंट कोण बघतं. इच्छाशक्तीचा नंबर त्यानंतर. चुकत असेन तर सांगा. तुमच्या वॉर्डात काय जमलं, काय फसलं ते लिहा. "लवकर निजे" छापाचे सल्ले नकोत, ते आम्हीच वाटतो.

घुबड

पाण्याबद्दल खरं कारण कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. पाणी प्यायलं की जावं लागतं. आयसीयूत माझ्याकडे व्हेंटिलेटरवरचे दोन. जायचं तर शेजारच्या बेडवालीला "बघ गं जरा" म्हणायचं, आणि तिच्या स्वतःच्या पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) तेव्हाच खाली येत असतं. दोनचार वेळा असं झालं की तोंडच उघडत नाही. मग सोपा उपाय: प्यायचंच नाही. हे ठरवून नाही होत, अंगवळणी पडतं.

वर्षात तीनदा युरीन इन्फेक्शन झालं. तिसऱ्यांदा सॅम्पल घेऊन गेले तर लॅबमधला म्हणतो, "सिस्टर, पेशंटचं नाव लिहायचं राहिलं." म्हटलं, "मीच पेशंट."

कोपऱ्यातला

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी स्पष्ट बोलतो. आमच्या कंपनीतही नाईट असते. ठरवलं की सगळं होतं. मी कामावरून येऊन रोज पाच किलोमीटर धावतो, ठरलेल्या वेळी जेवतो, झोपतो. कारणं सगळ्यांकडे असतात.

तिसरीपाळी

@कोपऱ्यातला, कौतुक आहे, खरंच. एकच विचारते: तुमची पाळी बदलते का?

कोपऱ्यातला

नाही. सहा वर्षं तीच.

तिसरीपाळी

माझी या महिन्याची लिस्ट: तीन मॉर्निंग, दोन इव्हिनिंग, एक ऑफ, चार नाईट, नाईट ऑफ, परत मॉर्निंग. यात "ठरलेली वेळ" कुठली धरू ते सांगा.

गजर

कोपऱ्यातल्या दादांना झोडू नका, आमच्या घरचेही हेच म्हणतात.

मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. वॉर्डात ब्रदर म्हणजे क्रेन. कुणाला वर सरकवायचंय, कुणाला स्ट्रेचरवर घ्यायचंय, की हाक येते. अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं संशोधन करणारी. पेशंट उचलण्यासाठी त्यांच्याकडून आलेली मर्यादा आहे ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो, तीही परिस्थिती चांगली असेल तर. ऐंशी किलोच्या माणसाचा एक पाय धरला तरी तिच्या जवळ पोचतो आपण. स्लाइड शीट (पेशंट सरकवायची घसरती चादर) आमच्याकडे आहे, पण ती स्टोअरच्या कपाटात, किल्ली इनचार्जकडे, इनचार्ज मीटिंगला. तोवर मी आणि वॉर्डबॉय मामांनी "एक, दोन, तीन" केलेलं असतं. माझी कमरेच्या मणक्यांमधली, एल४-एल५ ची डिस्क त्या किल्लीमुळे गेली असं मी मानतो. योग्य पद्धतीने कसं उचलायचं यावर मात्र तीन ट्रेनिंगं झालीत.

आणि एक कबुली. मी सिगरेट धरली ती ड्युटीवर. धरली कारण ओढणाऱ्यांना ब्रेक मिळतो. "जरा खाली जाऊन येतो" म्हटलं की सगळ्यांना कळतं, कुणी अडवत नाही. न ओढणाऱ्याने "पाच मिनिटं नुसता उभा राहून येतो" म्हणून बघावं! सोडून दोन वर्षं झाली. आता त्याच वेळी खाली जातो आणि नुसता उभा राहतो. लोकांना अजून वाटतं ओढतोय. वाटू दे.

घुबड

+१००. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ड्युटी रूममध्ये लावावा.

पाठकणा

फिजिओथेरपिस्ट आहे. नर्स पेशंट म्हणून आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "मला व्यायामाची काय गरज, दिवसभर पळतेच." घड्याळ बारा-चौदा हजार पावलं दाखवतं, ते खोटं नाही. पण कामावरची धावपळ आणि मोकळ्या वेळचा व्यायाम यांचा हृदयावर सारखा परिणाम होत नाही. संशोधनात याला शारीरिक हालचालींचा विरोधाभासच म्हणतात. कामावर तासन्‌तास मध्यम-हलका ताण, वाकून उभं राहणं, मधे विश्रांती नाही. नाडी आणि बीपी दिवसभर थोडं वर राहतं. व्यायामात थोडा वेळ जोर आणि मग पुरता आराम, त्या आरामातच शरीर सुधारतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. नर्सना मी मिनिटं सांगतच नाही. पाठीचे आणि मांडीचे जोर वाढवणारे चार प्रकार, आठवड्यातून दोनदा, आणि नाईट ऑफच्या दिवशी अजिबात नाही. एवढं करतात. जास्त सांगितलं की परत येत नाहीत.

नवी_स्टाफ

जरा वेगळा प्रश्न. सवयीतच मोडतो का माहीत नाही. काल नाईटला सुई लागली. शुगर बघून लॅन्सेट टाकताना नाही, आयव्ही लावल्यावर कॅनुलातून (शिरेत ठेवायच्या नळीतून) काढलेली. ग्लोव्हमधून थोडं रक्त आलं. सीनियर म्हणाली की सगळ्यांना लागते, फॉर्म भरत बसलीस तर सकाळ होईल आणि मेट्रनची बोलणी बसतील ती वेगळी. हात धुतला. रिपोर्ट नाही केलं. ठीक आहे ना? पेशंट तसा चांगल्या घरचा वाटत होता.

घुबड

धागा सोड. उठ आणि आत्ता कॅज्युअल्टीला जा.

शिकवणारी

घुबडशी सहमत, आणि "चांगल्या घरचा" हे परत कधी म्हणू नकोस बाळा, विषाणू घर बघत नाही. नीट वाच:

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं जितकी लवकर तितकी उपयोगी. पहिल्या काही तासांत सर्वांत उत्तम, ७२ तासांच्या पुढे सुरूच करत नाहीत. सुरू झाली तर २८ दिवस घ्यायची. पेशंटचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्हींसाठी तपासायचं. पेशंट निगेटिव्ह आला तर औषध थांबवताही येतं, म्हणून घाबरून टाळू नकोस. तुझी बेसलाइनही (तुझ्या रक्ताची आत्ताची तपासणी) आजच, नाहीतर पुढे काही निघालं तर ते ड्युटीवर लागलं हे सिद्ध करायला हातात कागद नसेल. फॉर्म त्यासाठी आहे, मेट्रनसाठी नाही.

धोका अंदाजे: सुईतून एचआयव्हीची लागण साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या व्यक्तीला ३० टक्क्यांपर्यंत. तुझे तीन डोस झालेत का? ०, १ आणि ६ महिने?

नवी_स्टाफ

दोन झाले. तिसऱ्याच्या वेळी नाईट होती, मग राहिलंच. जाते.

जुनी_इनचार्ज

जाऊन आलीस की लिही गं, वाट बघतेय.

शिकवणारी

ती येईपर्यंत मूळ मुद्द्याबद्दल. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. नोला पेंडर नावाच्या नर्सिंगच्याच प्राध्यापिका, त्यांनी १९८२ मध्ये आरोग्यवर्धनाचं प्रारूप मांडलं आणि १९९६ मध्ये सुधारलं. आपण सगळ्यांनी परीक्षेत त्याची आकृती काढली आहे. एखादी सवय लागते की नाही, हे फायदा किती वाटतो, अडथळे किती वाटतात, "मला जमेल" हा भरवसा किती, आजूबाजूची माणसं काय करतात आणि जागा-परिस्थिती कशी, यावर ठरतं. आणि एक खाना आहे जो मुलं नेहमी विसरतात: ऐनवेळी आडवं येणारं काम, ज्यावर आपला ताबा नाही. डबा उघडला आणि बेल वाजली, तो हाच खाना. धागाकर्तीचा अंदाज म्हणजे जवळजवळ हेच, फक्त पेंडरबाईंनी बाण काढलेत.

गंमत अशी की हे प्रारूप आम्ही विद्यार्थ्यांना पेशंटवर लावायला शिकवतो. स्वतःवर लावून आणा असं मी वीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी सांगितलं. पहिल्या वर्षाच्या मुलींनी अडथळ्यांत लिहिलं "वेळ नाही, होस्टेलचं जेवण". शेवटच्या वर्षाच्या मुलींपैकी निम्म्यांनी लिहिलं "सिस्टर रागावतात". म्हणजे आम्हीच अडथळा. बसलेली विद्यार्थिनी दिसली की "काम नाही का?" हे वाक्य माझ्या तोंडातूनही कितीदा गेलंय.

कोपऱ्यातला

मग स्टाफ वाढवायला सांगा ना. एवढं साधं आहे.

शिकवणारी

@कोपऱ्यातला, आता तुम्ही आमच्या बाजूला आलात! पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांवरचा लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास आहे: दर नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि नर्स कामाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्स-पेशंट प्रमाणाचा कायदा केला, २००४ पासून लागू झाला. बाकी ठिकाणी "साधं" अजून व्हायचंय.

सिस्टरचा_नवरा

नाईटवरून आल्यावर तिची झोप कोण मोडतं याची मी एक आठवडा नोंद केली. दाराची बेल, मुलाची शाळा, तिची आई (दोनदा), माझी आई, आणि चार वेळा तिचाच वॉर्ड: "सिस्टर, अमुक चावी कुठे ठेवलीत?" आता तिचा फोन माझ्याकडे आणि बेलची वायर काढलेली. वॉर्डचा फोन मी घेतो. चावी कुठे असते ते मलाही पाठ झालंय.

घुबड

@सिस्टरचा_नवरा, तुमच्यासारख्यांची एजन्सी काढा.

नाईटबद्दल मला समजलेलं थोडं. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान तळाला असतं, चुका तेव्हाच होतात, भूकही विचित्र लागते. आणि काउंटरवर तेव्हा काय असतं? नातेवाइकांनी दिलेली चॉकलेटं, बिस्किटं. रात्री शरीर साखर दिवसासारखी हाताळत नाही. तेवढंच खाऊन रात्री शुगर जास्त चढते. म्हणून मी नीट जेवण नाईटला निघण्याआधी करते, मधे अगदी थोडं, बाकी सकाळी. ६.१ वाल्या तिसरीपाळीने हे बघावं.

कॉफी दोनच्या आत. कॅफिनचं अर्धआयुष्य साधारण पाच तास, म्हणजे पहाटे चारला घेतलेल्या कपातलं निम्मं नऊ वाजता मी पडदे लावून पडते तेव्हा अंगातच असतं. आणि सकाळी स्वतः गाडी चालवू नका. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घसरते, हे १९९७ मध्ये प्रयोगात दाखवलंय. मी एकदा सिग्नलला उभ्या गाडीत झोपले होते. मागच्यांच्या हॉर्नने उठले.

कॅन्सरचंही ऐकलंय, ते खरं का?

शिकवणारी

अर्धं ऐकलंयस. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं, २०१९ मध्ये रात्रपाळीचं काम म्हणून तोच गट कायम ठेवला. पण तो गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. त्यामुळे चार नाईट केल्या की झालं असं नाही. अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचा वाढीव धोका दिसला तो फिरत्या नाईट ३० किंवा जास्त वर्षं केलेल्यांत.

त्या अभ्यासाचं मला नेहमी वाटतं. १९७६ मध्ये सुरू झाला, १,२१,७०० नर्स. मूळ हेतू गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम बघण्याचा. नर्स का निवडल्या, तर त्या वैद्यकीय प्रश्नांची उत्तरं अचूक लिहितात आणि फॉर्म परत पाठवतात! सिगरेट, आहार, वजन, हृदयविकार यांबद्दल आज आपण पेशंटना जे सांगतो त्यातलं कितीतरी त्या बायकांच्या फॉर्ममधून आलंय.

अवांतर: नाइटिंगेलबाईसुद्धा क्रिमियाहून आजार घेऊनच आल्या आणि १८५७ नंतर कित्येक वर्षं बहुतेक काम बिछान्यातून केलं. आपली परंपरा जुनी आहे.

नवी_स्टाफ

जाऊन आले. सीएमओ (कॅज्युअल्टीचे डॉक्टर) सरांनी काहीच बोलणी दिली नाहीत, उलट विचारलं की सोळा तास का थांबलीस. माझं आणि पेशंटचं रक्त गेलं. पहिला डोस तिथेच दिला, पेशंटचा रिपोर्ट आला की पुढचं ठरेल. हिपॅटायटिसचा तिसरा डोसही दिला. दीड महिन्याने अँटिबॉडी टायटर (लसीने संरक्षण तयार झालं का याची रक्ततपासणी) करायला सांगितलंय, १० च्या वर हवं म्हणाले. मेट्रन मॅडम आल्या होत्या. फक्त म्हणाल्या, "जेवलीस का?" मी रडले.

घुबड

शाब्बास गं.

गजर

प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे. (डोळ्यात काहीतरी गेलं.)

नवी_स्टाफ

अपडेट: पेशंट तिन्ही निगेटिव्ह. औषध थांबवलं. त्या सीनियरनेही आज गुपचूप स्वतःचं टायटर करायला दिलं.

जुनी_इनचार्ज

बरं वाटलं वाचून. आता माझं. सेवानिवृत्त आहे, अकरा वर्षं वॉर्डची ड्युटी लिस्ट लावली, तेव्हा या धाग्यातली आरोपी मीच.

माझी मोठी चूक इव्हिनिंगला लागून मॉर्निंग लावण्याची. कागदावर छान बसतं. प्रत्यक्षात इव्हिनिंग नऊला सुटायची, ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देऊन साडेनऊ, घरी साडेदहा, आडवं व्हायला बारा, आणि पाचला उठून परत सातला वॉर्डात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये नर्सेससाठी वेगळा करार केला, त्याच्या जोडीच्या शिफारशीत दोन पाळ्यांत सलग १२ तास विश्रांती लिहिली आहे. युरोपच्या नियमात सगळ्याच कामगारांना ११. माझ्या लिस्टमध्ये साडेनऊ बसत होते. मला हे कळलं ते वाचून नाही. एका स्टाफने सकाळी इन्सुलिन भरलं आणि सिरिंज हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, हे कुणाचं?" देवाने तिला विचारण्याची बुद्धी दिली.

तेव्हापासून मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट, मग ऑफ, असं पुढे सरकत लावलं. शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं अवघड. सगळ्या खूश झाल्या असं समजू नका. दोघींनी तक्रार केली, कारण इव्हिनिंग-मॉर्निंग लागून केली की त्यांना पुढे मोठी सुट्टी साधता यायची. त्यांचंही चूक नव्हतं, घरं लांब होती.

दुसरं जेवणाचं. धागाकर्ती म्हणते ते शंभर टक्के, पेशंट कोण बघणार हाच प्रश्न. मी जोड्या लावल्या. ओव्हरच्या वेळीच फळ्यावर दोन-दोन नावं आणि समोर वेळ. एकीने उठायचं, दुसरीने दोघींचे बेड बघायचे, वीस मिनिटं, आणि उठणारीने जाताना तोंडी सांगायचं: सात नंबरचं सलाईन संपतंय, नऊ नंबरचं बीपी साडेबाराला. महिनाभर फळा सुंदर दिसला आणि जेवलं कुणीच नाही. सगळ्या म्हणायच्या, "तुम्ही काम करताय मॅडम, आम्ही कशा बसू?" मला वाटायचं मी आदर्श घालून देतेय!

मग एक दिवस साडेबाराला मी सगळ्यांदेखत पेन खाली ठेवलं, डबा घेतला आणि ड्युटी रूमचं दार उघडं टाकून जेवायला बसले. घास गिळत नव्हता, इतकं अपराधी वाटत होतं. तिसऱ्या दिवशी एक आली. आठवड्याने रांग लागली. राऊंड नेमका त्याच वेळी घेणाऱ्या सरांना मी सांगितलं की साडेबारा ते दीड निम्म्या सिस्टर आत असतात, चालणार असेल तर या. ते एक वाजून चाळीसला यायला लागले. इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

पाण्याचं मात्र मला कधी जमलं नाही. स्टाफचं टॉयलेट दोन मजले खाली होतं, आणि ते काही मी हलवू शकले नाही.

कोपऱ्यातला

वाचतोय. माझं पहिलं विधान मागे घेतो. पळायला मी कुणाला न सांगता जातो, तिथे माझ्या जागी उभं राहायला कुणी लागत नाही, हे लक्षात आलं नव्हतं.

तिसरीपाळी

सगळ्यांचे आभार. नाईटमुळे उशिरा लिहितेय. जुनी_इनचार्ज ताईंचा प्रतिसाद आमच्या इनचार्जना वाचून दाखवला. आधी म्हणाल्या आपल्याकडे नाही चालणार. मग म्हणाल्या पुढच्या लिस्टला एक आठवडा बघू, पण इमर्जन्सी आली तर मोडायचं. मी म्हटलं चालेल. त्या स्वतः जेवायला बसतील का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

ताई, फळा आखला कसा होता? बेड नंबर लिहायचात की नुसती नावं?

जुनी_इनचार्ज

नुसती नावं. बेड लिहिले की भांडणं होतात. आणि जोडी दर आठवड्याला बदल, नाहीतर मैत्रिणी मैत्रिणींनाच सोडतात. पहिल्या दिवशी खडू तुझ्या हातात ठेव आणि इनचार्जचं नाव सगळ्यात वर लिही, वेळेसकट.